तिघांपैकी एक

मराठी माणसाच्या नावाच्या मधोमध त्याचा बाप बसलेला असतो. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विशेष आहे हे परमुलखातला माणूस भेटेपर्यंत आपल्या ध्यानातही येत नाही. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, सगळीकडे हे गृहस्थ आपल्या सोबतीला असतात. माझ्याही नावात असे एक गृहस्थ आहेत. मी दोन वर्षांची असताना ते घरातून गेले, ते परत आले नाहीत. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. त्यांचं नाव मात्र मी आजवर किती वेळा लिहिलं असेल, याची गणती नाही. एस. टी. च्या पासापासून बारावीच्या अर्जापर्यंत मी त्यांना बरोबर घेऊन हिंडले आहे.

हे एवढं सांगायचं कारण एक जुना इटालियन सिनेमा. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळानं यंदा तो दाखवला. १९६४ सालचा, व्हित्तोरिओ दे सिका या दिग्दर्शकाचा. नावाचा अर्थ ‘इटालियन पद्धतीचं लग्न’. हे नावही एका थट्टेतून आलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी, १९६१ साली, ‘इटालियन पद्धतीचा घटस्फोट’ नावाचा विनोदी चित्रपट गाजला होता. आणि गंमत अशी, की त्या काळी इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो आला १९७० च्या अखेरीस. म्हणजे लग्न एकदा लागलं की लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवली, तरच पुढची सगळी धमाल कळते.

सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयान्नी ही दोन नावं ऐकून सभागृह भरलं होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात आम्ही पंचवीस-तीस जण होतो, आणि त्यातले निम्मे प्रमाणपत्रासाठी आलेले होते. पण सिनेमा संपल्यावर जी चर्चा जुंपली, ती वर्गात कधी जुंपत नाही. कुणी उठून जाईना. दिवे लावून, पंखे बंद करून झाल्यावरही आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे राहून भांडत होतो. त्या भांडणाविषयीच मला लिहायचं आहे.

आधी गोष्ट सांगते. नेपल्स शहर. दुसरं महायुद्ध चालू आहे, वरून बाँब पडताहेत. दोमेनिको सोरिआनो नावाचा एक खुशालचेंडू तरुण एका बदनाम घरात आलेला आहे. भोंगा वाजल्यावर सगळे तळघराकडे पळतात. एक मुलगी मात्र कपाटात लपून बसते. लोकांत गेली तर लोक आपल्याकडे कसे बघतील, याची तिला बाँबपेक्षा जास्त भीती वाटते. ही फिलुमेना. पुढं वीसेक वर्षं ती या दोमेनिकोची कोण असते, याला मराठीत एकच एक शब्द नाही. ती त्याची प्रेयसी असते, त्याची दुकानं सांभाळणारी असते, त्याच्या म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणारी असते, आणि त्याच्याच घरात मोलकरणीच्या खोलीत झोपणारी असते. बायको मात्र नसते. तो हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा परगावी जातो, आणि शेवटी दुकानातल्या गल्ल्यावर बसणाऱ्या एका तरुण मुलीशी लग्न करायचं ठरवतो.

मग फिलुमेना अंथरूण धरते. अगदी शेवटच्या घटका मोजू लागते. धर्मगुरू येतात. मरणाऱ्या बाईची इच्छा म्हणून दोमेनिको तिच्याशी लग्न लावतो. नाहीतरी घटकाभराचा प्रश्न! लग्न लागतं आणि नवरी टुणकन उठून बसते. हा प्रसंग लॉरेननं असा काही केला आहे, की आमच्या सभागृहात टाळ्या पडल्या.

तो अर्थातच चिडतो, वकील आणतो. फसवून लावलेलं लग्न कायद्यापुढं टिकत नाही, हे तिला समजावलं जातं, आणि ती ते मान्यही करते. पण जाता जाता ती त्याला सांगते, की तिला तीन मुलगे आहेत. तिघं वेगवेगळ्या ठिकाणी वाढले. आपली आई कोण, हेही त्यांना ठाऊक नाही. त्यांचा खर्च तिनं दोमेनिकोच्याच पैशांतून, त्याच्या नकळत भागवला. त्यांना आडनाव मिळावं, एवढ्यासाठी हे सगळं नाटक होतं. आणि मग शेवटचं: त्या तिघांपैकी एक तुझा आहे.

कोणता? ते ती सांगत नाही. तो विनवतो, धमकावतो, झटापट करतो. ती सांगत नाही. मग हा गृहस्थ तिन्ही पोरांवर पाळत ठेवू लागतो. कुणाचा गळा माझ्यासारखा आहे, कुणाला पोरींचा नाद आहे, कुणाच्या वागण्यात सोरिआनोपणा दिसतो, हे तपासत बसतो. प्रत्येक खूण एकतर तिघांतही दिसते किंवा एकातही दिसत नाही. शेवटी तो हरतो, तिच्याशी खरंखुरं लग्न करतो, आणि तिघंही त्याला बाबा म्हणतात. आजवर कधीही न रडलेली फिलुमेना त्या दिवशी रडते.

आता भांडण. पहिला उठला तो आमच्याच वर्गातला एक मुलगा. वादविवाद स्पर्धा गाजवणारा, पण त्या दिवशी तो स्पर्धेसाठी बोलत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की या बाईनं त्या माणसावर अन्याय केला. त्यानं काय केलं, काय नाही, हे बाजूला ठेवा. आपलं मूल कोणतं हे कळण्याचा माणसाला हक्क आहे. ते लपवून तिनं त्याला जन्मभराची शिक्षा दिली. तो म्हणाला, “तुम्ही हसताय, पण त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिघांकडे बघताना रोज रात्री त्याच्या मनात काय येत असेल?” मुलं गप्प झाली. बोलणं खोटं नव्हतं.

त्याला उत्तर दिलं इतिहासाच्या एका मुलीनं. ती सहसा बोलत नाही. ती म्हणाली, “वीस वर्षं ती त्याच्या घरात राहिली. वीस वर्षांत त्यानं एकदा तरी विचारलं का, की तू महिन्यातून दोनदा कुठं जातेस? त्याला कळलं नाही, असं नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं. मग आता एकदम हक्क कुठून आला?” ‘महिन्यातून दोनदा’ हे तिनं पदरचं घातलं होतं, पण मुद्दा बिनतोड होता.

मग विज्ञान शाखेतून पाहुणा म्हणून आलेला एक जण म्हणाला, की हा सगळा सिनेमा आज पाच मिनिटांत संपला असता. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, झालं. त्याची माहिती बरोबर होती. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी लेस्टरच्या विद्यापीठात डीएनए वरून माणूस ओळखण्याची युक्ती शोधली ती १९८४ साली. म्हणजे हा सिनेमा निघाल्यावर वीस वर्षांनी. त्याआधी रक्तगट होते. पण रक्तगटावरून फार तर ‘हा बाप नव्हे’ एवढं सांगता येतं, ‘हाच बाप’ असं नाही. दोमेनिकोच्या हाती गळा आणि चाल यांखेरीज काहीच नव्हतं.

पण मला वाटतं, आमच्या या शास्त्रज्ञ मित्राला गोष्ट उलटी कळली होती. फिलुमेनाला उत्तर ठाऊक आहे. तिला प्रयोगशाळेची गरज नाही. ज्या नाटकावरून हा सिनेमा घेतला, त्यात तर तिच्याजवळ पुरावाही आहे. एका रात्री त्यानं तिला म्हटलं होतं, की आपण एकमेकांवर प्रेम करतो असं समजू. आणि दिवा मालवला होता. तिनं त्या रात्री ते खरं मानलं. दिवा लागल्यावर त्यानं नेहमीसारखी शंभर लिऱ्यांची नोट तिच्या हातावर ठेवली. तिनं त्या नोटेवर तारीख घातली आणि ती जपून ठेवली. पुढं ती नोट ती त्याला परत करते, पण तारखेचा कोपरा कापून घेऊन. नोट त्याची, तारीख तिची. इतका छोटा कागदाचा तुकडा रंगभूमीवर एवढं मोठं काम करताना मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

ती सांगत नाही, कारण सांगितलं तर काय होईल हे तिला नेमकं ठाऊक आहे. एकाला दुकान मिळेल, चांगले कपडे मिळतील, आडनाव मिळेल. उरलेले दोघे दाराबाहेर राहतील. आणि मग ते तिघे भाऊ एकमेकांचे वैरी होतील. इथं अनिश्चितता म्हणजे अडचण नव्हेच. ती त्या बाईनं घातलेली भिंत आहे, आणि तिच्या आड तीन मुलं सुरक्षित आहेत.

आमच्या मराठीच्या सरांनी हा सिनेमा तरुणपणी एका फिल्म सोसायटीत पाहिला होता. त्यांचं मत सगळ्यांहून निराळं. ते म्हणाले, सिनेमा गोड झाला आहे. मूळ नाटक इतकं गोड नाही. लॉरेन इतकी देखणी आहे, की दोमेनिको तिला सोडून त्या गल्ल्यावरच्या पोरीमागं का जातो, हेच प्रेक्षकाला पटत नाही. नाटकातली फिलुमेना प्रौढ, थकलेली, निरक्षर बाई आहे. आणि सरांच्या वेळी प्रेक्षकांत चर्चा झाली ती म्हणे नायिकेच्या पोशाखाची. तीन मुलांविषयी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. “काळ सुधारला म्हणायचा,” असं म्हणून सर हसले. त्यात थोडा तिरकसपणा होता; कारण आमच्यातही पोशाखाकडे बघणारे होतेच.

सरांनी नाटकाचा उल्लेख केला म्हणून मी ग्रंथालयात जाऊन शोधाशोध केली, आणि जे सापडलं त्यानं मला सिनेमापेक्षाही जास्त हलवलं. नाटकाचं नाव ‘फिलुमेना मार्तुरानो’. लेखक एदुआर्दो दे फिलिप्पो. १९४६ साली, म्हणजे युद्ध संपून पुरतं दीड वर्ष झालं होतं तेव्हा, ते नेपल्सला रंगभूमीवर आलं. फिलुमेनाचं काम लेखकाच्या थोरल्या बहिणीनं, तितीनानं केलं. हे नाटक त्यानं तिच्यासाठीच लिहिलं होतं. एदुआर्दो, तितीना आणि धाकटा पेप्पीनो ही तिन्ही भावंडं इटलीच्या रंगभूमीवरची मोठी माणसं. आणि ही तिन्ही भावंडं आईचं आडनाव लावत. त्यांचा बाप कोण हे साऱ्या नेपल्सला ठाऊक होतं: एदुआर्दो स्कार्पेत्ता, त्या काळचा अतिशय लोकप्रिय विनोदी नट आणि नाटककार. पण त्याचं लग्न दुसरीकडे झालेलं होतं. ही मुलं त्याच्या नाटकमंडळीत वाढली, त्याच्याकडून कला शिकली. नाव मात्र लुईजा दे फिलिप्पो या आईचं राहिलं.

तीन भावंडं. तीन मुलगे. हा आकडा लेखकाला कुठून सुचला असेल, हे मी कशाला सांगू?

लॉरेनची गोष्ट तर याहूनही विलक्षण. तिचा जन्म १९३४ चा. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावात आजोळी ती वाढली. तिच्या आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. बापानं हिला आडनाव दिलं, धाकट्या बहिणीला ते द्यायलाही तयार नव्हता. सिनेमात पैसे मिळू लागल्यावर लॉरेननं आपल्या कमाईतून पैसे मोजून बापाकडून बहिणीसाठी ते आडनाव मिळवलं. चक्क विकत घेतलं. आता हे ठाऊक झाल्यावर तो सिनेमा पुन्हा पाहा. तीन मुलांच्या आडनावासाठी अंथरुणावर मरणाचं सोंग घेणारी ती बाई नुसता अभिनय करत होती, असं मला म्हणवत नाही. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस मिळालं नाही. असो.

आडनावाचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. व्हरांड्यात एका मुलानं म्हटलंच तसं. त्यालाही उत्तर इटलीच्या कागदपत्रांत आहे. ज्या मुलाचा बाप कागदोपत्री ठाऊक नाही, त्याच्या दाखल्यावर तिकडे बापाच्या नावापुढं ‘एन. एन.’ अशी दोन अक्षरं पडत. लॅटिनमधल्या दोन शब्दांची ती आद्याक्षरं: नाव ठाऊक नाही. नोकरीचा अर्ज असो, लग्नाची नोंद असो, ही दोन अक्षरं माणसाच्या आधी टेबलावर पोचत. १९५५ साली कायदा करून ती काढून टाकली. नाटक १९४६ चं आहे हे लक्षात घ्या, म्हणजे फिलुमेना कशाशी झगडत होती ते कळेल. लग्नातली मुलं आणि लग्नाबाहेरची मुलं हा भेद इटलीच्या कायद्यानं पूर्णपणे पुसला तो २०१२ साली. मुलामुलांत फरक नसतो, ही त्या निरक्षर बाईची समजूत कायद्याच्या पुस्तकात यायला सहासष्ट वर्षं लागली. आणि मुलाला आपोआप बापाचंच आडनाव चिकटवणं घटनेला धरून नाही, असं तिथल्या घटना न्यायालयानं म्हटलं ते तर २०२२ साली.

आपल्याकडे ११ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहावं. त्याआधी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मागताना बापाचं नाव सांगण्याची सक्ती नाही, असा निकाल दिला होता. माझा जन्म या दोन्हींच्या आधीचा. माझ्या दाखल्यावर आईला जागा मिळाली ती खाली, वेगळ्या रकान्यात.

आणि तरीही ही सगळी नवलाई आपल्याला नवी नाही. छांदोग्य उपनिषदात जाबालेची गोष्ट आहे. सत्यकाम गुरूकडे निघतो आणि आईला विचारतो, माझं गोत्र कोणतं? ती सांगते, तरुणपणी मी अनेकांच्या घरी सेवेत हिंडत होते, तेव्हा तू झालास. तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जाबाला, तुझं सत्यकाम. तेव्हा तू आपल्याला सत्यकाम जाबाल म्हणव. तो गौतमांपुढं जाऊन हे जसंच्या तसं सांगतो, आणि ते त्याला शिष्य करून घेतात. आमच्या वर्गात ही गोष्ट शिकवताना सगळा भर गौतमांच्या उदारपणावर दिला जातो. ते उदार होतेच. पण मला नेहमी वाटतं, त्या गोष्टीत सगळ्यात कठीण वाक्य जाबाला बोलते, आणि ते स्वतःच्या मुलासमोर बोलते. फिलुमेनाला उत्तर ठाऊक असून ती गप्प राहते; जाबाला उत्तर ठाऊक नसल्याचं उघड सांगते. मला दोघीही एकाच गल्लीतल्या वाटतात.

मराठी रंगभूमीवर याच सुमाराला काय चाललं होतं, हेही आठवून गेलं. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आलं १९६७ साली. तिथं मुलाचा बाप कोण, हे सगळ्यांना कळून चुकतं; पण तो प्रोफेसर दामले त्या दिवशी हजरच नाही. त्याची जागा मोकळी. आणि खटला चालतो तो एकट्या बेणारेबाईंवर. नेपल्समध्ये बाप सापडत नाही आणि शेवट लग्नात होतो. आपल्याकडे बाप सापडतो आणि शेवट शिक्षेत होतो. कॉमेडी आणि शोकांतिका यांच्यात फरक कशाचा असतो, यावर आमच्या अभ्यासक्रमात एक अख्खं प्रकरण आहे. मला ते या दोन नाटकांमुळे कळलं.

व्हरांड्यातलं शेवटचं मत आमच्या शिपाईकाकांचं. ते दिव्यांच्या बटणांपाशी स्टुलावर बसून पूर्ण सिनेमा बघत होते. इंग्रजी अक्षरं त्यांना भरभर वाचता येत नाहीत, पण गोष्ट त्यांना पक्की कळली होती. कुलूप लावता लावता ते म्हणाले, “बाई शहाणी आहे. पण पोरांना का नाही सांगितलं, मी तुमची आई म्हणून? एवढी वर्षं? ते मला नाही आवडलं बुवा.” आणि सगळे गप्प बसले, कारण तासभर आम्ही बापाच्या हक्कावर आणि आईच्या हक्कावर भांडत होतो. त्या तिघांना काय वाटलं असेल, हे कुणीच विचारलं नव्हतं. सिनेमासुद्धा तिथं घाई करतो. नाटकात एक जण नळाची कामं करतो, एक शर्टाचं दुकान चालवतो, एक हिशेब लिहून उरलेल्या वेळात गोष्टी लिहितो. अशी तीन वाढलेली माणसं एका दुपारी आई मिळाली आणि थोड्याच दिवसांत बाप मिळाला म्हणून इतक्या सहजी बाबा म्हणतील? मला नाही वाटत. मी तरी म्हणाले नसते. पहिल्यांदा खूप प्रश्न विचारले असते, आणि त्यातले बरेचसे आईलाच विचारले असते.

म्हणूनच मी तो सिनेमा आईला दाखवायचं ठरवलं. आमच्या घरी आई शिलाईचं काम करते. ब्लाउज, परकर, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. दिवसा तिला सवड नाही. रात्री जेवणं झाल्यावर मैत्रिणीचा लॅपटॉप समोर ठेवला. आई ब्लाउजना हुक लावत बसली आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. परीक्षेच्या अनुवादाच्या प्रश्नाला मी कधी इतकी मेहनत घेतली नव्हती.

मरणाच्या सोंगाला आई फारशी हसली नाही. कपाटात लपलेली मुलगी पाहून मात्र तिनं सुई थांबवली होती. म्हाताऱ्या आईची सेवा करायला फिलुमेनाला घरी आणतात, आणि तिला वाटतं आता आपल्याला सून म्हणून पुढं करणार. मग ती मोलकरणीची खोली बघते. तिथं आई एवढंच म्हणाली, “हं. असंच असतं.” वकिलाच्या प्रसंगात तिनं मला दोनदा थांबवून नीट विचारून घेतलं, की लग्न मोडलं म्हणजे नेमकं काय झालं, तिला काही मिळणार की नाही. पैशाचा प्रश्न आमच्या व्हरांड्यात कुणीच विचारला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं.

मग तो प्रश्न आला. तिघांपैकी कोणता? तो विनवतो आहे, ती सांगत नाही आहे. मी सिनेमा थांबवून आईला विचारलं, “आई, तिनं सांगायला नको होतं का गं? त्याला कळायला नको?”

आईनं दोरा दातानं तोडला. म्हणाली, “ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानं काय केलं?”

आमच्या घरात या विषयावर इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला पुढं काही विचारता आलं असतं. कधीचे साठवलेले प्रश्न होते: ते गेले तेव्हा काय म्हणाले, त्यांनी कधी चिठ्ठी तरी पाठवली का, माझ्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव घालताना तुला काय वाटलं. त्यातला एकच मी विचारला, शेवटचा. आई म्हणाली, तिनं ते नाव घातलं ते त्यांच्यासाठी नव्हे; शाळेच्या खिडकीपाशी माझ्यामागं रांग होती, आणि रकाना मोकळा ठेवला असता तर त्या रांगेसमोर मला उभं करून चार प्रश्न विचारले असते. “नाव फुकट होतं,” ती म्हणाली. “तेवढं घेतलं.”

मी सिनेमा पुढं चालू केला. लग्न झालं, तिन्ही मुलं बाबा म्हणाली, फिलुमेना रडली. ती रडते आहे ते दुःखानं नव्हे, रडणं आपल्यालाही येतं याचंच तिला नवल वाटतं आहे, असं मी आईला समजावून सांगू लागले. आईनं हातानंच मला थांबवलं. तेवढं तिला भाषांतराशिवाय कळत होतं.

अकरा वाजून गेले होते. आईनं हुकांची पुडी डब्यात टाकली, ब्लाउज घडी करून बाजूला ठेवले आणि दिवा मालवला. मी लॅपटॉप मिटत होते, तेवढ्यात अंधारातून तिचा आवाज आला.

“तो मधला त्याचा असणार बघ.”

“कशावरून?”

“उभा कसा राहतो ते बघ ना.”

मी पुन्हा लॅपटॉप उघडला आणि तो प्रसंग लावला. आई उठून माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही दोघींनी तो तीनदा पाहिला. मला अजूनही वाटतं, तो धाकटा असावा.